चार घरं आणि एक झरा : महाबळेश्वरच्या कड्यावरच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२२
आज आखणी झाली. आबांनी पहिला नारळ फोडला, आण्णा मिस्त्रींनी दोरी धरली आणि मी नकाशा घेऊन उभी राहिले. पुण्यात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढले, आपल्या जमिनीवर आखणीची चुन्याची फक्की पडताना पाहायची ही पहिलीच वेळ. हात थरथरत होते.

जागा म्हणजे आमच्या वाट्याच्या चार ताली, उतारावर दगडी बांध घालून केलेले पायऱ्यांसारखे शेताचे तुकडे. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून, पठाराच्या अगदी कडेला. पूर्वी इथे नाचणी आणि वरी व्हायची. गेली पंधरा वर्षं पडीक आहेत, कारण गावातले तरणे हात मुंबईत माथाडीच्या कामाला. खाली शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसतं. येणारा प्रत्येक पाहुणा इथे येऊन दोन मिनिटं बोलायचा थांबतो, म्हणून तर पर्यटकांसाठी घरं बांधायचा विचार सुचला. कागदावर सहा कॉटेज आहेत. दोन वरच्या तालीवर, दोन दुसऱ्या, दोन चौथ्या. तिसरी रिकामी ठेवलीय. २२ जुलै २०२१ च्या त्या पावसात तिसऱ्या तालीचा बांध अर्धा खाली आला होता. चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला त्या दिवशी. आंबेनळी घाट तुटला, आमचा रस्ता तुटला. आबा रात्रभर कंदील घेऊन ओटीवर बसून होते. जिथे डोंगर एकदा हलला तिथे मी पाहुणा झोपवणार नाही.

जाता जाता खालच्या झऱ्यावर गेले. दहा लिटरची बादली भरायला १४ सेकंद लागले. हे दर महिन्याला मोजायचं ठरवलंय.

९ नोव्हेंबर
सकाळी चौथ्या तालीवर पायाचे खड्डे सुरू केले. वरच्या आळीतली आजी कळशी घेऊन झऱ्याकडे निघाली होती. थांबली, दोऱ्या बघितल्या आणि विचारलं, "पोरी, घरं चांगली हायेत. पन तुझं संडासाचं पानी कुठं जानार?"

मी म्हटलं, "सेप्टिक टाकी आहे आजी, पुढे शोषखड्डा."

"शोषून कुठं जानार?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या नकाशात शोषखड्डा हे एक गोल चिन्ह होतं, त्याच्या पुढे काही नव्हतं.

दुपारी आण्णांना घेऊन चौथ्या तालीवर एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा काढला. आधी दोनदा पाणी ओतून माती भिजवली, मग काठोकाठ भरला आणि घड्याळ लावलं. अठरा मिनिटांत खड्डा कोरडा. काळ्या मातीत हेच पाणी दिवसभर राहिलं असतं. इथला जांभा, हा तांबडा सच्छिद्र दगड, म्हणजे दगडाचा स्पंज आहे. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं. खाली मऊ चिकणमातीचा थर लागला की ते अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या पोटातून बाहेर येतं. तोच आपला झरा. म्हणजे चौथ्या तालीवर जे ओतू ते झऱ्यात येणार, आणि अठरा मिनिटांत एवढं उतरणारं पाणी वाटेत स्वच्छ व्हायला वेळच मिळत नाही.

खड्डे बुजवले. काम थांबवलं. संध्याकाळी जेवले नाही.

१७ नोव्हेंबर
आठ दिवस फक्त पाण्याचा हिशेब केला. तो इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण घरं किती हे यावरूनच ठरलं.

मे महिन्यात झरा किती बारीक होतो हे आबांना अंदाजाने माहीत आहे. "बादली भरेस्तोवर विडा लावून होतो," म्हणाले. दीड मिनिट धरलं तर दिवसाला साडेनऊ हजार लिटर. एरवी गावात साठ माणसं असतात, पण मेमध्ये मुंबईकर आले की दोनशे होतात. म्हणजे माणशी पन्नास लिटरच्या आत, त्यातच गुरंढोरं. माझ्या सहा कॉटेजमध्ये अठरा पाहुणे, शहराच्या मापाने माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २,४३० लिटर. गावाच्या तोंडच्या पाण्यातला चौथा हिस्सा मी दोन दिवस मुक्कामाला येणाऱ्यांना देणार होते. साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या डोंगरावर उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग लागते हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण तो पाऊस चार महिन्यांत पडतो आणि हा डोंगर त्याला धरून ठेवत नाही.

बोअर मारा, असं दोघांनी सुचवलं. हा सगळा परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे भूजल काढून त्याचा धंदा करण्यावर बंधनं आहेत. बंधन नसतं तरी मी मारली नसती. झऱ्याच्या वर बोअर म्हणजे झऱ्याच्याच गळ्याला नळी.

राहिलं छपराचं पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एका घराचं छप्पर ४५ चौरस मीटर. पावसाळ्यात एकेका छपरावर अडीच लाख लिटर पडतं आणि वाहून जातं. साठवायला जागा मात्र मर्यादित आहे. दुसऱ्या तालीच्या टोकाला खडक लागतो तिथे ३५ हजार लिटरच्या दोन फेरोसिमेंटच्या (तारेची जाळी आणि सिमेंट) टाक्या बसतात, त्याहून जास्त नाही. सत्तर हजार लिटर. होळी ते १५ जून हे शंभर दिवस धरले, निम्म्याहून थोडी जास्त घरं रोज भरलेली धरली, तर माणशी शंभर लिटरने बारा माणसांना पुरतं. बारा माणसं म्हणजे चार घरं.

म्हणून चार. चौथ्या तालीवरची दोन रद्द. शॉवर नाही, बादली आणि तांब्या ठेवायचा.

रात्री देवळात बैठक झाली. मी हाच कागद वाचून दाखवला. गावाने ठरवलं, दिवाळीपासून होळीपर्यंत मी झऱ्याचं पाणी घ्यायचं, तेही सकाळी नऊनंतर. होळीनंतर झऱ्याला हात लावायचा नाही. आजी मागे भिंतीला टेकून बसली होती. काही बोलली नाही, पण निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

२८ नोव्हेंबर
सुधारित नकाशा दिला. परवानगी सहाची होती, बांधणार चार. टेबलावरच्या साहेबांनी तीनदा विचारलं, कमी का करताय? जी परवानगी मिळवायला दोन वर्षं गेली, तिच्यातून आपणहून दोन घरं काढून टाकणारं माणूस त्यांनी पाहिलेलं नसावं. जुन्या आराखड्यातली वरची दोन घरं तशीच आहेत, त्यांचं काम पुढे न्यायला हरकत नाही.

११ डिसेंबर
आज तारीख अशी की आबा पहाटेच उठून बसले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. कोयनानगर इथून दूर, पण आमच्या जुन्या घराची मागची भिंत पडली. दगड-मातीची जाड भिंत, वरून खाली अशी न पडता आडवी फुगून बाहेर आली, असं ते सांगतात. गाय दावणीला होती ती गेली. आजही जमीन किंचित हलली तर आबा आधी गोठ्याकडे बघतात.

नेमकं कालपासून पहिल्या घराचं जोतं बांधायला घेतलं आहे. आण्णा म्हणत होते की चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाची, भिंत चांगली दीड फुटी आहे, एवढं लोखंड कशाला, ताई? मी आबांना तिथे घेऊन गेले आणि भिंत कशी पडली ते पुन्हा सांगायला लावलं. भिंत आडवी फुगते ती बांधून ठेवणारं काही नसतं म्हणून. कोयनेचा परिसर भूकंपाच्या नकाशात चौथ्या क्षेत्रात येतो. म्हणून प्रत्येक घराला काँक्रीटच्या तीन आडव्या पट्ट्या घालतोय. एक जोत्याची, एक खिडकीखालची, एक दाराच्या डोक्यावरची. चारही कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत उभी सळई. सळई कोपऱ्यात वाकवून किमान दोन फूट पुढे नेलेली, नुसती टेकवलेली नाही. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. पट्टी घालतात पण कोपऱ्यात तोडतात, आणि कोपरा सुटला की पट्टीचा उपयोग संपला.

आण्णांनी ऐकून घेतलं. दुपारी बघते तर त्यांनी स्वतःच्या पोराला कोपऱ्यावर बसवलं होतं, प्रत्येक वाकण मोजायला.

झरा २० सेकंद.

३ जानेवारी २०२३
कोकणातून चिऱ्याचा पहिला ट्रक पोलादपूरमार्गे आंबेनळी चढून आला. पायाखाली जांभाच जांभा, पण इथे खाण काढायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून तोच दगड घाट चढून येतो. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. ट्रक रस्त्यापर्यंतच येतो, पुढचे दोनशे मीटर पायवाट. रस्ता रुंद करायचा तर एक हिरडा आणि दोन जांभळी आड येतात. त्या आजोबांच्या आधीपासूनच्या आहेत. तोडणार नाही, तोडताही येत नाही. मग गाढवं आणली. मेढ्याकडून बारा गाढवं आणि त्यांचे मालक असे आठ दिवसांसाठी. एका खेपेला दोन चिरे. सकाळी दव असतं तेव्हा वाट निसरडी असते, म्हणून नऊला सुरू करून चारला थांबायचं.

४ जानेवारी
एका गाढवाचा पाय घसरला. खरचटलं, मोडला नाही. उतारावर फांद्यांच्या आडव्या पायऱ्या ठोकल्या.

१९ जानेवारी
वाईट दिवस. तरीही लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

ऑगस्टमध्ये, म्हणजे या नोंदी सुरू करायच्या आधी, मी तयार पॅनलच्या दोन केबिन सांगितल्या होत्या. महिन्यात उभी राहते, मजूर लागत नाहीत, असं सगळं ऐकून पावणेदोन लाख आगाऊ दिले. जागा बघायला या म्हणून चारदा सांगितलं, कुणी आलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना कळवलं की आता दोन नकोत, एकही नको, घाटाच्या वळणांवर तेवढी लांब गाडी वळणारच नाही. पैसे परत देतो म्हणाले. आज सहाव्यांदा गेले तर गाळा बंद, फोन बंद. पावती आहे, करार नाही. माझ्याकडे सही-शिक्क्याचा करार नाही हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणतेय.

आईने तिच्या पाटल्या काढून पुढे ठेवल्या. मी घेतल्या नाहीत. दादाला मुंबईला फोन केला, त्याने पतपेढीतून एक लाख काढायचं कबूल केलं.

पॅनलच्या केबिनबद्दल, पैसे बाजूला ठेवून, बांधकामाच्या अंगाने जे कळलं तेही लिहिते. पाचगणीत, अवघ्या वीसेक किलोमीटरवर, पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो. तिथे त्या टिकतही असतील. इथे चार महिने ढग घरात येऊन बसतो. दोन पावसाळे झालेल्या एका केबिनचा सांधा मी परवा उघडून पाहिला. पत्र्याच्या आतून पाणी सुटलेलं, तळाचा लाकडी भुसा-बोर्ड फुगून बोटाने तुटत होता.

८ फेब्रुवारी
वरची दोन घरं लिंटलपर्यंत, म्हणजे दाराच्या डोक्यावरच्या पट्टीपर्यंत. खालची दोन जोत्यावर. झरा ३१ सेकंद.

इथला पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. त्याला आम्ही झड म्हणतो. चिरा पाणी पितो, त्यामुळे पश्चिमेची भिंत उघडी राहिली तर जुलैत आतून हात लावला तरी ओला लागतो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आणि जुन्या बंगल्यांत फिरून या, सगळ्यांचे व्हरांडे खोल आणि छपरं खाली उतरलेली आहेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना हे एक-दोन पावसाळ्यांत कळलं असणार. मी पश्चिमेला सात फुटी व्हरांडा घेतलाय, वळचण तीन फूट बाहेर. शिवसागराचं दृश्य त्याच बाजूला आहे. मोठी काच लावा असं प्रत्येक जण सांगतो. काच लावलेली नाही. व्हरांड्यात बसून दिसतंच की सगळं, आणि तिथे वारापण लागतो.

आतून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट लावला की ओल भिंतीतच अडकते आणि सप्टेंबरपर्यंत काळी बुरशी धरते. चुना श्वास घेतो. चुना मळायला माणूस मिळत नव्हता. आण्णांच्या मेव्हण्याला येतं, ते वाईजवळच्या एका वाड्याचं काम करून आलेत. चुना पंधरा दिवस भिजत घातलाय.

६ मार्च
होळी. झरा ४४ सेकंद. आज रात्री गावाची होळी पेटल्यावर मी पंपाची नळी झऱ्यावरून काढून गुंडाळून ठेवली. टाक्या अजून अर्ध्या बांधलेल्या, त्यामुळे या उन्हाळ्यात बांधकामाला पाणी विकत आणावं लागणार. पाच हजार लिटरची टाकी ट्रॅक्टरवर. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. पण शब्द दिला होता.

२ एप्रिल
लाकूड. गावातल्या चार घरांना पंचवीस वर्षं कुलूप आहे, मालक मुंबईत. त्यातल्या एकाचं छप्पर गेल्या वर्षी बसलं. त्यांनी फोनवर सांगितलं, लाकूड घेऊन जा, नाहीतर वाळवी खाईल. ऐनाचे वासे, जांभळाचे खांब, काही तुळयांवर धुराचा थर इतका जाड की तासल्यावरच आतला तांबूस रंग दिसला. धुरानेच ते टिकलंय, असं सुतारकाका म्हणतात. नव्वद वासे कामाचे निघाले. मालक पैसे घेईनात. "एक खोली माझ्या आईच्या नावानं ठेव," एवढंच म्हणाले. दुसऱ्या घराच्या आढ्याला त्यांच्या घराचं आढं आहे.

२३ एप्रिल
गावची यात्रा. काम चार दिवस बंद. मुंबईकर आले आणि गाव एकदम भरलं. रात्री पालखी, पहाटेपर्यंत ढोल. झरा ७० सेकंदांवर आलाय आणि सकाळी सहाला चाळीस हंड्यांची रांग. मी रांगेत उभी राहून मोजलं. नोव्हेंबरमध्ये जो हिशेब कागदावर केला होता तो आज डोळ्यांसमोर उभा होता. यात माझी अठरा माणसं कुठे उभी राहिली असती?

दुसऱ्या दिवशी दादाने त्याच्या माथाडी मंडळातल्या पंधरा जणांना घेऊन दगडी पायवाट घातली. आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिलेले हात. दोनशे मीटरची वाट दीड दिवसात. मी जेवण दिलं, दुसरं काही घ्यायला कुणी तयार नव्हतं. हिरड्याभोवती त्यांनी आपणहून पार बांधला.

९ मे
छप्पर. उतार चाळीस अंशाचा. ऐनाचे वासे, त्यावर रिपा, रंगीत पत्रा, वरून मंगलोरी कौलं. पत्रा पाणी अडवतो, कौलं पावसाचा आवाज आणि ऊन अडवतात. नुसता पत्रा असता तर जुलैत आत दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही.

पन्हळीवर भांडण झालं. पत्र्याच्या दुकानातून आलेली पन्हळ चार इंची होती, नेहमीची. मी परत पाठवली. फिटर चिडला. त्याला कागदावर दाखवलं. २२ जुलै २०२१ सारखा दिवस आला तर एका छपरावर ५९४ गुणिले ४५, म्हणजे २६,७३० लिटर पाणी एका दिवसात येतं. त्यातही ते चोवीस तासांत सारखं वाटून येत नाही, तासाभराच्या सरीत बेफाम येतं. चार इंची पन्हळ भरून वाहणार, पाणी भिंतीच्या पायाशी पडणार, आणि पायाशी पडलेलं पाणी तालीच्या बांधात शिरणार. आठ इंची पन्हळ, प्रत्येक छपराला ११० मिलिमीटरचे दोन पाइप. पहिल्या दोन पावसांचं मळकं पाणी सोडून द्यायला वेगळी तोटी. टाक्या भरल्या की जादा पाणी दगडी चरातून थेट उत्तरेच्या ओहोळात. प्रत्येक घराच्या वरच्या अंगालाही असाच चर, म्हणजे डोंगराचं पाणी घराला न भेटता वळून जाईल. आण्णांनी या चरांचा ढाळ पाण्याच्या नळीने लावला, यंत्र न वापरता, आणि शेवटी एक बादली ओतून दाखवली. पाणी एका लयीत गेलं, कुठेही थांबलं नाही.

झरा ९६ सेकंद. आबांचा विडा बरोबर होता.

२४ मे
मैल्याच्या पाण्याची व्यवस्था पूर्ण. बंद टाकी तीन कप्प्यांची, आतून दोनदा गिलावा करून आठ दिवस पाणी भरून ठेवलं, पातळी केसभरही उतरली नाही. तिथून पाणी कर्दळीच्या वाफ्यात. वाफ्याला खालून काँक्रीटचं अस्तर, वर खडी आणि वाळू, त्यात कर्दळ. तिथून निघालेलं पाणी उत्तरेच्या बाजूला बांबूच्या बेटाला, झऱ्याच्या उताराच्या उलट्या अंगाला. वाफ्यावर पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर, नाहीतर पावसानेच भरून वाहील.

आजीला बोलावून दाखवलं. तिने वाफ्याभोवती एक फेरी मारली, कर्दळीचं पान हातात घेतलं आणि म्हणाली, "आता सांग, कुठं जानार?" मी बोट दाखवत शेवटपर्यंत सांगितलं. या वेळी कुठेही अडले नाही.

११ जून
पाऊस नाही. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आहे, पण आमच्याकडे नुसता वारा. एरवी या तारखेला बाजारात गवताच्या झड्या लागलेल्या असतात, घरांच्या पश्चिमेला उभ्या गवताची भिंत. आता बरेच जण त्याजागी प्लास्टिक बांधतात. आम्ही गवताच्याच केल्या. आईने आणि वरच्या आळीतल्या सहा जणींनी आठवडाभर बसून विणल्या, रोजाने पैसे देऊन. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा उशीर वाईट आहे, नाचणीची रोपं वाफ्यात पिवळी पडतायत, आबा रोज आभाळ बघतात. आमच्या चौथ्या घराची शेवटची कौलं मात्र या उशिरानेच चढली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, आणि आबांसमोर दुसरी बोलता येत नाही.

१६ जून
वीजमीटर बसला.

२५ जून
आला. रात्री अडीचला पत्र्यावर पहिला आवाज. आम्ही सगळे कंदील घेऊन वर. चर वाहताना पाहिला. पहिलं पाणी तांबडं, मग पिवळट, तासाभराने नितळ.

५ जुलै
दोन्ही टाक्या भरल्या. सत्तर हजार लिटर, दहा दिवसांत. जादा पाणी ओहोळात जातंय.

तिसऱ्या घरात गळती. नळ नाही, छप्पर नाही, खिडकीच्या उंबऱ्यातून. चिऱ्यांमधले सांधे भरताना एका जागी पोकळी राहिली आणि झडीच्या पावसाने तीच शोधली. बाहेरून आता काही करता येत नाही, ओल्या सांध्याला माल धरत नाही. ऑक्टोबरमध्ये खरवडून चुन्यात भरायचं. तोपर्यंत गवताच्या झडीला आणखी एक पदर.

२० जुलै
काल रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून फोनवर तेच. झोपेतली माणसं. अख्खी वाडी.

आज काम नव्हतं, तरी मी आणि आण्णा चारही ताली चाललो. बांधांना हात लावून, प्रत्येक दगडाजवळ थांबून. कुठे फुगवटा आहे का, कुठे नवं पाणी फुटलंय का, झाडं वाकलीयत का, गढूळ पाणी अचानक येतंय का किंवा वाहतं पाणी अचानक थांबलंय का. या चार गोष्टी बघायच्या. तिसऱ्या तालीवर जुन्या पडझडीच्या वर वितीएवढी भेग दिसली. दोरी लावून दोन खुंट्या ठोकल्या, अंतर मोजून लिहिलं : ४१ सेंटिमीटर. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं.

घरी येऊन ठरवलं की पंधरा जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत घरं बंद राहतील. धुकं आणि धबधबे बघायला या दिवसांतही गर्दी होते हे मला माहीत आहे. पतपेढीचा हप्ता तेव्हाही येणार हेही माहीत आहे. दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तू तिथं आहेस. तुला दिसतंय. बंद ठेव."

२३ जुलै
खुंट्यांमधलं अंतर ४१. भेगेवर प्लास्टिक अंथरलं, पाणी आत शिरू नये म्हणून. पावसाळा संपला की तिथे दगडी ताल पुन्हा बांधायची, पाणी निघायला पाठीमागे खडीचा थर देऊन, आणि वर वाळा लावायचा.

३० जुलै
अंतर ४१. नाचणीची लावणी आटोपली, चौथ्या तालीवरची. जिथे दोन कॉटेज येणार होती तिथे पंधरा वर्षांनी रोपं उभी आहेत. आबांनी आणि आईने लावली. जळवांसाठी पायाला तंबाखूचं पाणी लावून.

चुन्याच्या भिंतींना आतून हात लावून पाहिला. तिसऱ्या घराची खिडकी सोडली तर सगळ्या कोरड्या. दुसऱ्या घराच्या आढ्याखाली उभी राहिले तर जुन्या धुराचा वास अजून येतो.

झऱ्यावर गेले. दहा लिटरची बादली ५ सेकंद. पाणी नितळ. आजीने कळशी भरली आणि आधी मला प्यायला दिली.